परातीतला किनारा

पाणी कुठवर होतं?

तुमच्या घरातून कुणी त्या मोठ्या युद्धात गेलं असेल आणि बोटीतून परक्या किनाऱ्यावर उतरलं असेल, तर हा प्रश्न तुम्ही त्याला कधी विचारला होतात का? पदक कशाबद्दल मिळालं ते विचारलं असेल, गोरा साहेब कसा होता तेही विचारलं असेल. पण बोटीतून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, आणि पायाखाली नेमकं काय होतं... हे? मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला धायरीच्या यशवंत ढमाले यांनी शिकवला. दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी सकाळी त्यांच्या पत्नीचा, कुसुमकाकूंचा फोन आला. "तुझे काका गेले गं. चहा मागितला, मी आधण ठेवून वळले, तर..."  मग म्हणाल्या, "ये. आणि येताना एक रिकामी पिशवी आण. माझी परात अजून समुद्रानं भरलेली आहे." मी रडतच रिक्षात बसले आणि सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत हसायला लागले होते. रिक्षावाल्यानं आरशात दोनदा बघितलं.

मी खडकीच्या कामगार वसाहतीत वाढले. बाबा कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मला बाराखडी पाटीवर आली नाही, उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आली. बाबांचा नियम होता की पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही. तो नियम पाळतच मोठी झाले आणि कॉलेजात असल्यापासून स्वतःची पत्रकं काढायला लागले. चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका सभागृहात जुन्या युद्धांचं प्रदर्शन भरलं होतं. पदकं, गणवेश, किनाऱ्याकडे झेपावणाऱ्या बोटींची मोठमोठी चित्रं. मी दाराबाहेर उभी राहून 'युद्धाचा उत्सव कशासाठी?' हे पत्रक वाटत होते. लोक कागद घेत होते, त्याची व्यवस्थित चौघडी करत होते आणि पुढच्या कचराकुंडीत टाकत होते. पांढरी टोपी घातलेले एक सडसडीत आजोबा मात्र उन्हात उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी एका ओळीभोवती गोल केला आणि कागद मला परत दिला.

"इथं लिवलंस, किनारे रक्तानं भिजले. कुठले किनारे?"

"कुठलेही. सगळेच."

"वाळूचे का चिखलाचे?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"ज्याचा पाय त्यात व्हता, त्याला पडतो की." मग जरा हसून म्हणाले, "चिडतीस झकास. पण चिडायच्या आधी जागा बघून घ्यावी माणसानं. रविवारी धायरीला ये. किनारा दाखवतो."

धायरीला किनारा! मी गेले ती भांडायलाच गेले. त्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर पितळेची प्रचंड परात, परातीत वाळू, आणि वाळूच्या एका अंगाला पाणी. ढमालेकाकांनी सगळी नोकरी खडकवासल्याकडच्या एका लष्करी प्रशिक्षण संस्थेत सँड मॉडेल करण्यात घालवली होती. म्हणजे ज्या मुलखात लढाई शिकवायची, तो मुलूख वाळूत हुबेहूब उभा करायचा. डोंगर, नाले, रस्ते, गावं, सगळं. पोरं भोवती उभी राहून लढाई शिकायची, आणि ती गेली की काका थापीनं तो मुलूख मोडून दुसऱ्या दिवशीचा रचायचे. निवृत्तीनंतर थापी घरी आली आणि काकूंची परात गेली. परातीतले सैनिक मोहरीचे, बोटी वेलदोड्याच्या सालांच्या, आणि खेचरं चवळीची. "अहो, ती खेचरं आठवणीनं परत करा," काकू आतून ओरडायच्या, "संध्याकाळी उसळ आहे." काकू मूळच्या कसब्यातल्या. लग्न होऊन धायरीला आल्या तरी त्यांची जीभ कसब्यातच राहिली होती.

काका दहावीपर्यंत शिकलेले. पण शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी इंग्रजीतले सरकारी युद्धेतिहास वाचले होते, आणि त्यातलंही फक्त एकच वाचायचे... समुद्रातून किनाऱ्यावर उतरणं. आपला देश, परका देश, जिंकलेलं, हरलेलं, सगळं त्यांना सारखंच. मला वाटलं होतं, हा कुणी युद्धाचा शौकीन म्हातारा असणार. पण त्यांना तोफा, सेनापती यांत काही रस नव्हता. ते उतार मोजायचे. नकाशावर बोट ठेवून विचारायचे, "इथं पाण्याखाली वाळूचा बांध हाय, बघ. बोट त्या बांधाला टेकती. माणसाला वाटतं आला किनारा, आणि तो उडी मारतो. पण बांध आणि किनारा यांच्यामधी खोल पाणी असतं. पाठीवर ओझं. मग?" आणि वेलदोड्याच्या सालातली मोहरी पाण्यात पडून तळाशी जायची. पुस्तकांत अशा जागी हमखास एक शब्द असतो, 'योग्य'. किनारा उतरण्यास योग्य होता. काकांनी त्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं बारीक प्रश्न लिहिला होता... योग्य कुणाला? बोटीला का माणसाला? मी बाबांची शंभर पत्रकं वाचली असतील. एवढा जहाल प्रश्न एकाही पत्रकात नव्हता.

ते हे सगळं का करत होते, ते तिसऱ्या का चौथ्या रविवारी कळलं. त्यांचे वडील गोविंदा ढमाले त्या युद्धात खेचरं हाकायला होते. दूर पूर्वेला, अराकानच्या किनाऱ्यावर त्यांची तुकडी बोटीतून उतरली. परत आल्यावर गोविंदा सांगायचे की किनारा म्हणजे नुसता चिखल होता, छातीपर्यंत रुतलो, आणि राणी नावाचं माझं खेचर माझ्या हातात कासरा असताना डोळ्यांदेखत चिखलानं ओढून नेलं. पण त्याच गावात, त्याच किनाऱ्यावर उतरलेला, पायदळातला आणखी एक माणूस होता. पुढे तो सुभेदार होऊन निवृत्त झाला. तो भर चावडीत म्हणाला, "कसला चिखल? टणक वाळू व्हती. माझे बूटबी भिजले न्हाईत. ह्यो घाबरला आन् जनावर सोडून पळाला." आणि पुढे सरकारी इतिहासाचा जाड खंड आला, त्यातही दीड ओळीत तेच होतं. किनारा टणक होता, उतरणं विनाअडथळा पार पडलं. झालं! गोविंदा ढमाले कायमचा 'खेचरबुडव्या' झाला. शेतकऱ्यांच्या गावात ही शिवी किती मोठी, ते मला, खडकीच्या मुलीला, काकांना समजावून सांगावं लागलं. त्यानंतर गावात कुणी त्याच्या हाती जनावर दिलं नाही. पोळ्याला सगळं गाव बैल मिरवायचं तेव्हा गोविंदा कडेला उभा असायचा. मरेपर्यंत कुणी आपल्या बैलाचा कासरा त्याच्या हाती दिला नाही. सुभेदाराचा मुलगा सर्जेराव काकांच्याच वर्गात होता. तो शाळेत रोज खेचरासारखा ओरडायचा. दोघांनी सातवीनंतर एकमेकांशी बोलणं टाकलं, ते ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत टाकलेलंच होतं.

माझं डोकं फिरलं. याहून स्वच्छ प्रकरण कुठलं असणार! एका बाजूला सोनेरी अक्षरांचा सरकारी ग्रंथ आणि सुभेदार, दुसऱ्या बाजूला एक खेचर हाकणारा. आठ दिवसांत मी पत्रक काढलं. मथळा होता, 'सरकारी इतिहास खोटा आहे!' उद्गारचिन्ह माझं. 'कदाचित' अर्थातच नव्हता. काकांनी वाचलं, वडिलांच्या छापलेल्या नावावरून बोट फिरवलं. एवढंच म्हणाले, "पर मॉडेल अजून जुळंना गं." मी म्हटलं, "मॉडेल जुळेल नंतर, आधी वाटू या." पाचशे प्रती मी सभागृहाबाहेर, वाचनालयांच्या पायऱ्यांवर आणि धायरीच्या चौकात वाटल्या. सर्जेरावांच्या दाराच्या कडीतही एक अडकवली. ती दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात आली, तिच्यात शेण गुंडाळलेलं होतं. "म्हणजे वाचलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

मॉडेल मात्र खरंच जुळत नव्हतं. काका पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे परातीत किनारा रचायचे, थापीनं उतार एकसारखा करायचे, पाणी सोडायचे... आणि प्रत्येक वेळी चवळीची राणी टणक वाळूवर ठणठणीत उभी. इतकी वर्षं त्यांनी हे केलं होतं आणि प्रत्येक वेळी परात सुभेदाराच्या बाजूनं बोलली होती. आपले वडील खोटं बोलले असतील का, ही शंका त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. पण पाणी ओतताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

मग त्या मे महिन्यात आम्ही खडकवासल्याला गेलो. काम काहीच नव्हतं. काकूंना कणीस खायचं होतं. धरण बरंच उतरलं होतं, पाणी लांब गेलं होतं. मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय बुडवायला तरातरा निघाले. वरची जमीन कडक, भाजत होती. काका मागून म्हणाले, "फार फुडं जाऊ नगं." मी ऐकणारी नव्हतेच. वीसेक पावलं गेले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. तो काढायला गेले तर डावा मांडीपर्यंत. चपला एकीकडे, ओढणी दुसरीकडे, आणि मी मध्ये, जाहीर सभेत बोलताना माईक बंद पडल्यासारखी. काठावर काका आणि काकू एकमेकांना धरून हसत होते. काकू कणीस हलवत म्हणाल्या, "घोषणा दे की एखादी!" काका तर हसून हसून खाली बसले. टोपी पडली, डोळ्यांत पाणी आलं. आणि अचानक ते हसायचे थांबले. मी चिखलातून बघितलं तर त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. एका हातानं ते बसल्या जागेची कडक जमीन थोपटत होते आणि नजर माझ्या पायांवर होती.

"पोरी, हलू नगंस," ते म्हणाले. "पाणी वर असतं तर तू हितं उतरली असतीस. माझ्यापाशी. कोरडी." मग कपाळावर हात मारून घेतला. "मी येडा. मी थापी फिरवत बसलो."

मला बाहेर काढायला त्यांना पंधरा मिनिटं तरी लागली असतील, कारण मध्येच ते पेन्सिलीनं कणसाच्या पुडक्यावर आकृती काढायला लागले. चूक एवढीच होती, आणि ती सँड मॉडेल करणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. हाताला जन्माची सवय, उतार थापीनं गुळगुळीत करायचा. वर वाळू आणि खाली गाळ, असा मोडलेला किनारा त्यांच्या थापीखाली कधी उरलाच नव्हता. घरी येऊन त्यांनी तो जाड खंड उघडला. एका पानावर भरतीची वेळ होती. शेवटच्या परिशिष्टात उतरण्याचा क्रम होता. आधी पायदळ, आणि कित्येक तासांनी जनावरं. ही दोन्ही पानं त्यांना तोंडपाठ होती, पण ती त्यांनी कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती. त्या दिवशी परातीच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांनी काकूंची भिजवलेली कणीक थापली आणि वरच्या अर्ध्या भागात वाळू. पाणी काठोकाठ भरलं. पहिली बोट, मोहरीचा सुभेदार... थेट वाळूवर. बूट कोरडे. मग त्यांनी वाटीनं पाणी काढायला सुरुवात केली. एक वाटी, दोन, पाच. दुसरी बोट आली ती कणकेपाशीच टेकली. त्यांनी चवळीचा दाणा त्यावर ठेवला आणि बोटानं अगदी हलके दाबला. तो आत गेला.

"पुस्तक भरतीत लिवलंय," काका म्हणाले. "माझा बाप ओहोटीत उतरला."

काकूंनी कणकेबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मला वाटलं, आता विजयाचं पत्रक. पण काका म्हणाले, "आता शुद्धिपत्र काढायचं." माझं आणि त्यांचं झालेलं सगळ्यात मोठं भांडण ते हेच. मी म्हटलं, "काका, पत्रकाला शुद्धिपत्र नसतं. तुमचे वडील खरे ठरले ना? मग माघार कशाची?" ते म्हणाले, "तू छापलंस, इतिहास खोटा हाय. तो खोटा न्हाई. अर्धा हाय." मी म्हटलं, "अर्धं म्हणजे खोटंच!" ते शांतपणे म्हणाले, "सुभेदार खोटा बोलला असं तू पाचशे लोकांना सांगितलंस. माझ्या बापाला लोक इतकी वर्षं खोटा म्हणाले, ते कसं वाटतं मला ठाऊक हाय. आता तेच मी सर्जाच्या बापाला करू?" मी तावातावानं खडकीला येऊन बाबांना विचारलं. बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आम्ही कधी काढलं नाही. काढायला हवं होतं, अशा दोनतीन वेळा आल्या होत्या." माझ्या लहानपणचा सगळ्यात ठाम माणूस... मी त्याच संध्याकाळी मजकूर लिहायला बसले.

शुद्धिपत्र वाटण्याचा तो दिवस मी जन्मभर विसरणार नाही. पुण्यात पत्रक वाटणं अवघड आहेच, पण त्याची दुरुस्ती वाटणं म्हणजे स्वतःहून पाठ पुढे करणं. "आधीचंच वाचलं नव्हतं, दुरुस्त काय करू?" एक गृहस्थ म्हणाले. दुसऱ्या बाईंनी कागद उलटसुलट बघून विचारलं, "याचं शुद्धिपत्र कधी येणार? म्हणजे एकदमच नेते." कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर काकांनी एक माणूस काढला होता. नुसती रेषांची आकृती, डोकं, हात, पाय. खाली लिहिलं होतं, 'पाणी कुठवर होतं, रेघ मारा.' वाचनालयाच्या पायरीवर एक आजोबा म्हणाले, "युद्धात नव्हतो. पानशेतच्या पुराचं चालेल?" काका म्हणाले, "पळंल." आजोबांनी आकृतीच्या डोक्याच्या वर वीतभर रेघ मारली. काका चपापले. "घाबरू नका," आजोबा म्हणाले, "मी माडीवर होतो." दोघं हसत पायरीवर बसले आणि तासभर उठले नाहीत.

सर्जेरावांकडे मात्र काका स्वतः गेले. बरोबर परात घेऊन. वाळू, कणीक, पाण्याची कळशी, सगळं. मी आणि काकू मागे. सर्जेराव अंगणात नातवाच्या शर्यतीच्या बैलांना चारा टाकत होते. त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

"सर्जा, तुझा बाप खरा व्हता," काका म्हणाले.

सर्जेराव वळले. "मग आता सांगायला आलास व्हय? आन् तुझा?"

"त्योबी."

"दोघं कसं खरं असतील?"

"तुझा बाप काय म्हणायचा, आम्ही कितव्या बोटीत?"

"पहिल्या," सर्जेराव ताठ होऊन म्हणाले. "कायम पहिल्या."

"तेच तर," काका म्हणाले आणि परातीत पाणी ओतायला लागले. सर्जेरावांनी चवळी कणकेत जाताना बघितली. एकदा, मग परत दाखव म्हणाले, मग स्वतः वाटी घेऊन पाणी काढलं. मग बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. काकूंनी विचारलं, "शेण परत आणलेलं नाही आम्ही, चहा मिळेल का?" आणि सगळेच हसत सुटलो.

त्या वर्षीच्या पोळ्याला मी धायरीत होते. बैल सजले होते, शिंगं रंगवली होती, ताशा कडाडत होता. काका, सवयीनंच असेल, कडेला उभे होते. सर्जेराव मिरवणुकीतून बाहेर आले आणि काही न बोलता त्यांनी थोरल्या बैलाचा कासरा काकांच्या हातात दिला. ऐंशीचे काका तो कासरा धरून मारुतीपर्यंत चालत गेले. बैल मधूनमधून त्यांना ओढत होता, टोपी तिरकी झाली होती, आणि ते मोठ्यानं हसत होते. "सुटंल, सुटंल!" लोक ओरडत होते. काका ओरडले, "न्हाई सुटत! गोविंदाचा पोर हाय मी!" एवढा आनंदी माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, त्यानंतरही नाही.

त्या मंगळवारी मी रिकामी पिशवी घेऊन पोचले तेव्हा परातीशेजारी सर्जेराव बसलेले होते. मी वाळू भरायला वाकले तर त्यांनी हात आडवा केला. "थांब. अजून ओहोटी व्हायचीय." परातीत पाणी अर्ध्यावर होतं. काकांनी आदल्या संध्याकाळी ते तसंच सोडलं होतं. काकूंनी माझ्या हातातली पिशवी घेतली, घडी केली आणि फळीवर ठेवली. आता काकू ताटात कणीक मळतात आणि ताट लहान पडतं म्हणून रोज काकांना बोल लावतात. परात टेबलावरच आहे. तिच्या पितळेवर आतून एक पांढरट रेघ उमटली आहे, पाणी जिथवर होतं तिथवर. ती घासायची नाही, असा काकूंचा हुकूम आहे.

म्हणून वाचकहो, एक काम करा. आजच करा, कारण सांगणारे फार थोडे उरलेत. एका कागदावर एक माणूस काढा, चांगला नाही आला तरी चालेल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर तो ठेवा आणि विचारा, तुमच्या वेळी, नाहीतर तुमच्या बापाच्या वेळी, पाणी कुठवर होतं? त्यांनाच रेघ मारू द्या. शेजारी नाव लिहा, जागा लिहा, आणि भरती होती की ओहोटी तेही लिहा. दोघांच्या रेघा जुळल्या नाहीत तर लगेच कुणाला खोटं म्हणू नका. आधी विचारा, कोण कितव्या बोटीत होतं.